काटा बदलू नका!

दिवाळी अंक उघडणाऱ्या वाचकाला फराळाच्या ताटाबरोबर काहीतरी खुसखुशीत वाचावयास हवे असते, हे मी जाणून आहे. जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डावरला पेट्रोलचा काटा हा विषय काही चकलीच्या जातीचा नव्हे. परंतु मला आज भांडावयाचे आहे, आणि भांडणाला मुहूर्त लागत नाही. शिवाय दिवाळीत घरची सगळी माणसे एका ठिकाणी सापडतात: मोटार चालवणारी, मोटारीत नुसतीच बसणारी, ती दुरुस्त करून आणणारी आणि दुरुस्तीचे बिल पाहून कपाळाला हात लावणारी. माझे म्हणणे या सगळ्यांनाच ऐकवावयाचे आहे.

माझे भांडण काट्याशी नाही. काटा चुकीचे दाखवतो आहे असे वाटताच "बदलून टाका" म्हणणाऱ्या मंडळींशी आहे. त्यांत गॅरेजवाले आले, कारखानदार आले आणि, वाचकहो, रागावू नका, तुम्ही-आम्हीही आलो. जुन्या गाडीतला काटा खोटे बोलू लागला, तर पुष्कळदा त्या बिचाऱ्याचा काहीएक दोष नसतो. तो निरोप्या आहे. टाकीतून निघालेला निरोप वाटेत कोठेतरी बिघडतो आणि हा तो जसाच्या तसा आपल्यापुढे ठेवतो. वाट न तपासता निरोप्याला बडतर्फ करणे हा आळस झाला. पण तोच बिघडलेला निरोप वेदवाक्य मानून त्याच्या जोरावर एखाद्या माणसाला बडतर्फ करणे, याला आळस म्हणून सोडून देता येत नाही. आमच्या घरी हे दोन्ही घडले आहे. म्हणून हे लिहावयास बसलो.

वडिलांची साताऱ्यास वकिली होती. घरी एक पांढरी ॲम्बॅसडर होती आणि ती चालवावयास जे गृहस्थ होते त्यांना आम्ही मुले मामा म्हणत असू. कोरेगाव, वाई, कऱ्हाड अशा कोर्टांच्या वाऱ्या मामांच्या भरवशावर चालत. गाडीचा आवाज किंचित बदलला तरी ते रस्त्याच्या कडेला थांबत, बॉनेट उघडून कान लावीत आणि काहीतरी पिळून पुन्हा निघत. वडील मागे बसून कागद वाचीत असत. त्या दोघांचे आठ वर्षे उत्तम चालले होते.

ही गोष्ट १९८० सालची. १९७३ साली जगभर तेलाचे भाव भडकले होते, आणि १९७९ साली इराणात उलथापालथ झाल्यावर ते पुन्हा भडकले. मध्यमवर्गीय घरात पेट्रोल म्हणजे तुपासारखी मोजून वाढावयाची वस्तू झाली. वडिलांनी एक शिरस्ता घातला. रात्री गाडी लावली की किल्ली फिरवून काटा पाहावयाचा आणि वहीत टिपून ठेवावयाचा. सकाळी निघण्यापूर्वी पुन्हा पाहावयाचा. जुलैच्या एका सकाळी त्यांना असे आढळले की, रात्री अर्ध्यावर असलेला काटा पावावर आला आहे. चार दिवसांनी तेच. पुढल्या आठवड्यात पुन्हा तेच.

टाकीला कुलूप नव्हते. गाडीची देखभाल मामांकडे. मग काय विचारता! वडिलांनी मामांना ओटीवर बोलावले. मामा म्हणाले, "साहेब, मी थेंब काढलेला नाही. काट्यातच काहीतरी गडबड आहे." यावर वडिलांनी जे उत्तर दिले ते त्या काळी आम्हांला फार चटकदार वाटले होते. ते म्हणाले, "काट्याला कुठे बायकामुलं आहेत, खोटं बोलायला?" आम्ही मुले हसलो. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात जाणारा. मला अधिक कळावयास हवे होते. मीही हसलो.

दिवाळीच्या आठ दिवस आधी मामांचा हिशेब चुकता झाला. दर वर्षी त्यांच्या घरी फराळाचा डबा जात असे. त्या वर्षीही आईने डबा भरला. तो कोणी न्यावयाचा हे मात्र कोणालाच ठरवता येईना, आणि पाडवा उलटल्यावर आईने तो मुकाट्याने रिकामा केला. साताऱ्यासारख्या गावात "पेट्रोल काढतो" एवढे दोन शब्द पुरतात. मामांना पुढे कोणी गाडीवर ठेवले नाही. ते आपल्या गावी, शेतीवर निघून गेले.

आणि काय चमत्कार! मामा गेले आणि चोरी थांबली. काटा रात्री असेल तेथेच सकाळी दिसू लागला. वडिलांचे समाधान झाले. पुढल्या पावसाळ्यात काटा पुन्हा घसरू लागला, तेव्हा गाडी वडील स्वतः चालवीत होते. त्या वेळी ते काय म्हणाले ठाऊक आहे? ते म्हणाले, "टाकी कुठेतरी गळते आहे." टाकी तपासली, गळत नव्हती. विषय मागे पडला. मामांचे नाव कोणी काढले नाही. माझे वडील दुष्ट नव्हते. गरिबांचे कितीतरी खटले त्यांनी फी न घेता चालवले. म्हणूनच ही गोष्ट सांगण्याजोगी आहे. दुष्टांच्या हातून अन्याय होतो यात नवल ते काय?

*

वडील गेल्यावर गाडी बरीच वर्षे शेडमध्ये उभी होती. २०२३ साली मी ती पुण्यास आणून दुरुस्त करविली. जुन्या मोटारींचा मला षोक नाही. त्या गाडीचा आहे. ॲम्बॅसडर ही मूळची इंग्रज मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेची भारतीय बहीण. बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात तिची निर्मिती २०१४ साली थांबली. ज्या गाडीत आपण शाळेला, लग्नाला आणि स्मशानाला गेलो, ती भंगारात घालवत नाही.

इंजिन चालू झाले, दिवे लागले. पेट्रोलचा काटा मात्र पावसाची सर येताच झोपू लागला. मी एका गॅरेजात गेलो. त्यांनी काट्याकडे नजर टाकली, टाकीकडे तीही टाकली नाही, आणि निदान केले: "मीटर गेलाय, बदलू." चार आकडी रक्कम देऊन नवा मीटर बसवला. तो आठवडाभर सज्जनासारखा वागला, कारण आठवडाभर पाऊस नव्हता. पाऊस आला, हाही झोपला. दुसऱ्या गॅरेजाने सांगितले, "टाकीतलं युनिट गेलंय." ते बदलले. पुन्हा एक उघडिपीचा आठवडा आनंदात गेला आणि पुन्हा पाऊस आला. तिसऱ्या ठिकाणी मात्र थेट वेदान्त ऐकावयास मिळाला: "काका, ह्या जुन्या गाड्यांचं काही खरं नसतं. आख्खं वायरिंग बदला, नाहीतर सरळ डिजिटल पॅनेल टाका." मी नमस्कार करून गाडी घरी आणली.

तीन गॅरेजे, तीन निदाने, आणि तिन्ही ठिकाणी तपासणी मिळून पाच मिनिटांचीसुद्धा नाही. डॉक्टरने नाडी न पाहता प्रथम थर्मामीटर बदलावा, मग खाट बदलावी आणि शेवटी घर बदलावयास सांगावे, अशातला हा प्रकार. त्या डॉक्टरच्या पायरीवर आपण पुन्हा पाऊल ठेवणार नाही. गॅरेजात मात्र आपण पैसे मोजून "थँक यू" म्हणतो.

आता हा काटा चालतो कसा, ते सांगतो. घाबरू नका, यात पुरणपोळीपेक्षा अवघड काही नाही.

टाकीत एक पोकळ तरंगता गोळा असतो. त्याला फ्लोट म्हणतात. तो एका दांडीच्या टोकाला असतो. पेट्रोल वाढले की गोळा वर, घटले की खाली. दांडीचे दुसरे टोक तारेच्या एका वेटोळ्यावरून सरकते आणि विजेच्या वाटेत कमी-अधिक अडथळा उभा करते. या साऱ्याला मिळून युनिट म्हणावयाचे. बॅटरीतून निघालेली वीज किल्लीच्या स्विचमधून काट्याकडे येते, काट्यातून एका तारेने टाकीवरच्या युनिटकडे जाते, आणि तेथून गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून बॅटरीकडे परतते. परतीसाठी वेगळी तार नसते. गाडीचे सगळे अंगच परतीची वाट. सांगाड्याशी असलेल्या या जोडणीला विजेच्या धंद्यात "अर्थ" म्हणतात. शब्द इंग्रजी खरा, पण आपल्याकडे आला तो मराठी होऊन. मिस्त्री सांगतो, "साहेब, याला अर्थच लागत नाही," आणि ऐकणाऱ्याला वाटते, हा गीतेवर बोलतो आहे.

काट्यांचे मुख्य दोन वंश आहेत. जुन्या वंशात दोन वेटोळ्यांच्या चुंबकी ओढाताणीत काटा उभा असतो. किल्ली फिरवताच तो टुणकन उडतो आणि वळणावर पेट्रोल हिंदकळले की तोही डुलतो. १९६०च्या दशकात इंग्रजी गाड्यांत दुसरा वंश रुळला. त्यात दोन धातूंची एकमेकींना चिकटवलेली पट्टी असते. विजेने ती तापते. दोन धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून ती वाकते आणि काट्याला ढकलते. हा काटा सावकाश, भारदस्तपणे चढतो. बॅटरीचा दाब गाडी उभी असता बाराच्या आसपास, तर इंजिन चालू असता चौदाच्या आसपास असतो. त्यापायी काट्याने भलते दाखवू नये म्हणून वाटेत स्टॅबिलायझर नावाची एक डबी बसवतात. तिच्यातली पट्टी तापून जोड तोडते, निवून पुन्हा जोडते, आणि या उघडझापीतून काट्यांना सरासरी दहा व्होल्टांइतका दाब पोहोचतो.

गंमत अशी की, हे दोन वंश एकाच बिघाडावर नेमके उलट खोटे बोलतात. टाकीची तार तुटली, तर जुन्या वंशाचा काटा "टाकी भरलेली" म्हणून सांगतो आणि नव्या वंशाचा "टाकी रिकामी" म्हणून. एक माणूस अडचणीत सापडला की बढाया मारतो, दुसरा रडतो, तसेच हे. तेव्हा आपल्या गाडीतला काटा कोणत्या घराण्यातला, हे न पाहता जो निदान सांगतो तो ज्योतिषी झाला, मिस्त्री नव्हे. आमच्या गाडीतला काटा दुसऱ्या घराण्यातला, सावकाश चढणारा आणि अडचणीत रडणारा.

*

रविवारी सकाळी पाऊस पडत असताना मी अंगणातल्या छपराखाली गाडी घेतली. बरोबर होती माझी नऊ वर्षांची नात, एक हातभर लांबीची वायर आणि पान्यांची पिशवी. तपासाची पहिली पायरी आदल्याच दिवशी झाली होती: पंपावर जाऊन टाकी गळ्यापर्यंत भरून आणली होती. टाकी भरलेली आहे हे आपल्या डोळ्यांनी पाहिले की काटा काय म्हणतो याचा पडताळा घेता येतो. आमच्या घरी १९८० साली पेट्रोल दहा-दहा लिटरने भरले जाई. टाकी कधी काठोकाठ भरलीच नाही, म्हणून काट्याची परीक्षाही कधी झाली नाही.

किल्ली फिरवली. भरल्या टाकीवर काटा पावाच्याही खाली. नातीला पुढच्या सीटवर बसवून म्हटले, "काटा हलला की ओरडायचं." तिने विचारले, "आबा, तो शेजारचा काटाही खोटं बोलतो का?" शेजारचा काटा इंजिनाच्या उष्णतेचा. तीन गॅरेजांत एकानेही न विचारलेला प्रश्न त्या पोरीने विचारला, आणि तोच सगळ्यांत मोलाचा. या दोन्ही काट्यांना वीज एकाच डबीतून मिळते. दोन्ही एकदम चुकले, तर दोष त्या डबीत किंवा तिच्या मागे शोधावयाचा. एकच चुकला, तर त्याच्या एकट्याच्या वाटेवर. आमचा उष्णतेचा काटा चोख होता. म्हणजे बॅटरी सुटली, स्विच सुटला, डबी सुटली. एका प्रश्नात निम्मी गाडी निर्दोष ठरली.

मग मागे जाऊन टाकीच्या युनिटवरची तार सोडवली आणि तिचे टोक सांगाड्याच्या खरवडून लख्ख केलेल्या जागी टेकवले. पुढून आरोळी आली, "चढतोय, आबा, चढतोय! पार वर गेला!" तार लगेच दूर केली, अशा काट्याला फार वेळ ताणून धरू नये, आतले वेटोळे जळते. काटा वर गेला याचा अर्थ काय? काटा उत्तम, आणि काट्यापासून टाकीपर्यंतची तारही उत्तम. पहिल्या गॅरेजाचे निदान गेले, तिसऱ्याचेही गेले. राहिली टाकी. तार पुन्हा युनिटला लावली, आणि हातातल्या वायरीचे एक टोक टाकीच्या अंगाला व दुसरे सांगाड्याला टेकवले. पुन्हा आरोळी: "चढला!" दुसऱ्या गॅरेजाचे युनिटही निर्दोष सुटले. टाकी आणि सांगाडा यांच्यामधला अर्थ सुटला होता, बस्स!

टाकीपासून निघून सांगाड्याला स्क्रूने आवळलेली एक आखूड तार होती. तिच्या चकतीखाली गंज, गंजावर रंग, रंगावर पुन्हा गंज, असा इतिहास साचलेला. कोरड्या हवेत आणि रस्त्याच्या हादऱ्यांत चकती कशीबशी टेकत असे. ओल धरली की संपर्क ढिला पडे, विजेच्या वाटेत अडथळा वाढे आणि काटा खाली येई. पॉलिश पेपरचा एक तुकडा, थोडे व्हॅसलिन आणि वीस मिनिटे. खर्च सांगावयास लाज वाटते. संध्याकाळी नवा मीटर काढून वडिलांच्या काळचा जुना काटा मी पुन्हा जागेवर बसवला. तो आजही बसला आहे आणि खरे सांगतो आहे.

घरी कोणी हा प्रयोग करणार असेल तर एवढे लक्षात ठेवावे: काम मोकळ्या हवेत करावे, जवळपास ठिणगी, विडी, पणती आणि फुलबाजी यांना मज्जाव असावा, आणि युनिट टाकीबाहेर काढण्याची वेळ आलीच तर आधी बॅटरीची तार सोडवावी. पेट्रोलच्या वाफेला विनोद कळत नाही.

*

त्या रात्री मला झोप आली नाही. माळ्यावरून वडिलांची वही काढली. त्यांचे अक्षर मोत्यासारखे आणि नोंदी वकिली थाटाच्या: तारीख, रात्रीचा काटा, सकाळचा काटा, आणि शेजारी दिवसाचे काम. "अतिवृष्टी, कोरेगाव तहकूब." "पाऊस, कोठे गेलो नाही." काटा घसरल्याच्या साऱ्या नोंदी अशा दिवसांच्याच होत्या. आणि ऑगस्टमधल्या तीन ओळींपुढे लिहिले होते, "ड्रायव्हर रजेवर, गावी." त्या तीन दिवसांतही काटा घसरला होता. गाडी फाटकाच्या आत उभी, मामा गावी, आणि काटा खाली! ज्या पुराव्यावर वडिलांनी कोणत्याही कोर्टात अशील सोडवून आणला असता, तो त्यांच्याच हस्ताक्षरात, त्यांच्याच वहीत होता. त्यांनी तो लिहिला. वाचला मात्र नाही.

आता कोणी म्हणेल, "हा तुमच्या घरचा प्रसंग, त्यावरून साऱ्या दुनियेशी भांडण कशाला?" सांगतो. "बदलून टाका" ही आता केवळ गॅरेजातली सवय राहिलेली नाही. तो धंद्याचा पाया झाला आहे. सुटा भाग मिळत नाही, आख्खा संच घ्या. नकाशा मिळत नाही, आमच्याकडेच या. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला तो याच कारणासाठी. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि बिघाड शोधण्याची साधने बाहेरच्या मिस्त्रीच्या हाती पडू न देणे, हा त्यांच्यावरला मुख्य ठपका. कंपन्यांनी त्या आदेशाला आव्हान दिले. तो वाद वकिलांचा. पुढे २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने "दुरुस्तीचा हक्क" या विषयावर समिती नेमली आणि शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे यांच्या जोडीला मोटारींचाही त्यात विचार केला. आपल्या मालकीची वस्तू उघडून पाहण्याच्या हक्कासाठी समिती नेमावी लागते, यातच सगळे आले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजच्या गाडीत काटा आणि टाकी यांच्यामध्ये संगणक बसला आहे. तेथे तुमची हातभर वायर काय करणार? मान्य. त्या गाडीत माझी वायर खुपसू नका. पण त्या संगणकाला जोडलेले यंत्रही बहुधा एवढेच सांगते की, अमुक वाटेवर बिघाड आहे. वाटेवरच्या कोणत्या वळणावर, हे शोधावयास माणूसच लागतो. यंत्राने वाटेचे नाव सांगितले आणि माणसाने त्या वाटेवरचा सगळ्यांत महाग भाग बदलला, तर प्रगती झाली ती फक्त बिलात.

तिसरा आक्षेप गॅरेजवाल्यांचा, आणि तो ऐकताना माझी मान खाली जाते. एका वृद्ध मिस्त्रीने मला सांगितले, "साहेब, मी एक तास शोधून एक स्क्रू घासून दिला, तर गिऱ्हाईक म्हणतं, एवढ्याचे पाचशे? आणि न शोधता तीन हजारांचा भाग बसवला, तर मुकाट्यानं देतं." हे खरे आहे. आपण वस्तूचे पैसे देतो. विचाराचे देत नाही. खोक्यातून निघालेल्या चकचकीत मीटरकडे पाहून आपले समाधान होते. कोणी तासभर डोके खाजवले त्याची किंमत आपल्या लेखी शून्य. मग शोधणारे हात उपाशी राहतात आणि बदलणारे हात गबर होतात. गॅरेजवाल्याला हा धडा आपणच शिकवला आहे.

काटा कधीच बिघडत नाही, असे माझे म्हणणे नाही. वेटोळे जळते, पट्टी दमते, पितळी फ्लोटला भोक पडून तो पेट्रोल पितो आणि बुडतो. बिघडलेले जरूर बदलावे. पण बिघडले आहे असे ठरल्यावर, वाटल्यावर नव्हे. निवाड्याआधी चौकशी व्हावी, एवढीच मागणी आहे. मुलाचे गुण घसरले की शिकवणी बदलणे, आजीची साखर वाढली की स्वयंपाकाच्या बाईला दटावणे, हिशेबात शंभर रुपये कमी आले की मोलकरणीकडे पाहणे, हे सारे त्याच जातीचे आहे. आणि यांत एक गोष्ट ध्यानात येते का? शंका नेहमी उताराकडे वाहते. वडील स्वतः चालवू लागल्यावर काटा घसरला, तेव्हा "गळती" आठवली. मामा चालवीत होते तेव्हा का आठवली नाही?

*

२०२३ च्या पाडव्याला मी ती गाडी घेऊन मामांच्या गावी गेलो. मामा ऐंशीच्या घरात पोहोचलेले, ओट्यावर ऊन खात बसले होते. त्यांनी गाडी आधी ओळखली, मला मागाहून. मामींनी चहा आणला, पुष्कळ साखरेचा. पण माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी वही दाखवली, सगळे सांगितले आणि म्हणालो, "मामा, काटा खोटा होता."

"व्हय," मामा म्हणाले. "पावसात टाकीचा अर्थ सुटायचा."

मी चाट पडलो. "तुम्हांला ठाऊक होतं?"

"म्या तवाच सांगितलं हुतं साहेबांस्नी. म्हणलं, टाकीपासनं येक वायर टाकतो, आठ आन्याची. साहेब म्हणले, वायरींना हात लावायचा न्हाई, आता त्यातबी काय करशील."

मी हात जोडून क्षमा मागितली. ती त्यांनी दिली की नाही, हे मला सांगता यावयाचे नाही; कारण ते उठून गाडीकडे चालू लागले होते. त्यांनी दार उघडले, आपल्या जुन्या जागी बसले, किल्ली फिरवली आणि काटा सावकाश वर येईपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिले. मग खाली उतरून मागे गेले, वाकले आणि टाकीची ती आखूड तार बोटांनी चाचपून पाहिली. "स्क्रू जरा आजून आवळ," एवढेच म्हणाले. मी पाना काढला आणि आवळला.

गेलेली त्रेचाळीस वर्षे काही पान्याने परत येत नाहीत. पण तुमच्या घरात, तुमच्या कचेरीत, तुमच्या गाडीवर असा कोणीतरी माणूस आज असेल, जो हळूच सांगत असेल, "साहेब, काट्यात काही नाही, अर्थ पाहा." त्याचे बोलणे पुरते ऐकून घ्या. हातभर वायर आणा, एकाला पुढे बसवा आणि स्वतः मागे जाऊन तपासा. वीस मिनिटे लागतील.

माझे भांडण संपले. आता फराळाकडे वळावयास हरकत नाही. आणि डबा कोणाकडे पाठवावयाचा राहिला असेल, तर तो आजच पाठवा.